सोजराबाईंची घोंगडी वेल्सला जाऊन आली

होय, मी घोंगडी बोलतेय. टोचते म्हणून ज्यांना नाक मुरडायचंय, त्यांनी खुशाल लांब बसावं.

काळ्या मेंढीच्या लोकरीतून माझा जन्म झाला. चिंचोक्याची खळ पिऊन जी ताठ झाले, ती आजवर कुणापुढं वाकले नाही. निमोण्याच्या जयसिंगरावांनी मला यात्रेत घेतलं. कांद्याच्या राखणीला मी त्यांच्या खांद्यावर असायचे. ते गेले आणि मी माळ्यावर पडले. पण त्यांच्या पत्नी सोजराबाई लेकाकडं परदेशी निघाल्या, तेव्हा चार साड्या कमी करून त्यांनी मला बॅगेत कोंबलं.

लेक सत्यजीत आधी रांजणगावच्या कंपनीत होता, आता वेल्समध्ये इंजिनिअर. त्याचं एकच पालुपद, रान वाट्यानं दे आणि इथंच राहा. आई राहणार की जाणार, याचं भिजत घोंगडं महिनाभर पडलं होतं. लोक यात आमचं नाव का गोवतात, देव जाणे. आम्ही भिजलो तरी आतल्या माणसाला कोरडं ठेवतो.

आईचं मन वळवायला एका रविवारी त्यानं गाडी काढली. किल्ला दाखवला, धबधबा दाखवला. सून सुलक्षणा सारखी म्हणायची, "आई, घोंगडी गाडीतच ठेवा ना. लोक बघत्यात."

"बघू दे की. त्यांनी कुठं पाहिलीय?"

पुढं हिरव्या डोंगरउतारावर मेंढरंच मेंढरं दिसली. सोजराबाईंनी गाडी थांबवायला लावली. आमच्याकडं पीक निघालं की रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि धनगराला धान्य देतात. फाटकाशी उभा असलेला म्हातारा त्यांना धनगरच वाटला.

"सत्या, इचार ह्यांना, मेंढरं बसवायचं काय घेत्यात?"

सत्यजीत ओशाळला, पण त्यानं विचारलं. "आई, मेंढरंबी त्यांचीच आन् रानबी त्यांचंच हाय."

"आन् पोरं?"

"पोरं लंडनला. बोलावत्यात, पण हे जात न्हाईत."

"का?"

म्हाताऱ्यानं फाटकावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. सत्यजीत खाली बघत राहिला.

"सांग की."

"म्हणत्यात, मी गेलो तर रानाकडं कोण बघंल."

"घरोघरी मातीच्याच चुली," म्हणत सोजराबाईंनी मला ओल्या गवतावर अंथरलं आणि म्हाताऱ्याला हातानं 'बसा' म्हटलं. तो बसला. माझी लोकर चिमटीत धरून जाणत्या माणसासारखी चोळून बघू लागला. मला फार बरं वाटलं.

"सत्या," सोजराबाई म्हणाल्या, "ह्यांना 'चला लंडनला' म्हणशील का तू?"

"न्हाई."

"मग मला का म्हणतोस?"

परतताना सत्यजीतनं आईच्या परतीच्या तिकिटाचा विषय स्वतःच काढला.

आता आम्ही निमोण्यात आहोत. कांदा निघालाय, रानात मेंढरं बसलीत. सत्यजीतचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा सोजराबाई फोन तिकडं धरतात आणि म्हणतात, "बघ, मला सवड हाय का?"

तर ऐका. आमच्यासारख्यांना माळ्यावर टाकू नका. आणि सोजराबाईंना इथून उठवायला तर कुणी येऊच नका. त्या माझ्यावर बसल्यात, आणि मी काही खालून सरकणार नाही.