पाच टक्के

दिपमालाने बिलबुकाची पानं नुसती चाळायला म्हणून हेमांगीच्या हातात दिली होती. हेमांगी तिच्याकडे शिवायला टाकलेला ब्लाउज न्यायला आलेली. शिंदखेड्यातल्या एका कर सल्लागाराकडे ती कामाला होती. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"तीनशे पिशव्या, चाळीस रुपये दर, बारा हजार. त्यावर जीएसटी पाच टक्के, सहाशे. ताई, तुमचा जीएसटी नंबर कुठंय?"

"नंबर? तो लागतो?"

"अहो, नोंदणी नसेल तर कर घेताच येत नाही. तुमचा धंदा एवढा लहान, तुम्हाला नोंदणीची गरजही नाही. पण मग हे सहाशे घ्यायचे नव्हते. परत करून टाका."

हेमांगी ब्लाउज घेऊन गेली आणि दिपमाला ते पान पुन्हा वाचत बसली. पिशव्या जळगावच्या राजकुंवरबाईंच्या होत्या, मुलाच्या लग्नात पाहुण्यांना द्यायच्या. चाळीसचा दर ठरला आणि मग कापड महागलं. दर वाढवून मागायला तिची जीभ रेटेना. दुकानांच्या बिलावर कर पाहिला होता; तोच लावला. सरकारचं नाव घेतलं की मागायला लाज वाटत नाही. बाईंनी न बोलता बारा हजार सहाशे दिले होते.

सासूबाई पुष्पाबाईंना तिने सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या.

"यामा भ्यावासारखं काय शे? पैसा लई जाय, खरं सांगी टाक." पैसे घेऊन जा आणि खरं ते सांगून टाक, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने ती जळगावला गेली. गाडीत सारखं मनात येई, त्यांनी तक्रार केली असेल तर? दारात राजकुंवरबाईच भेटल्या. दिपमालाने पाणीसुद्धा न घेता सहाशे रुपये पुढे केले आणि एका दमात बोलून गेली. कर कसा लावला ते सांगितलं, का लावला तेही सांगितलं.

बाईंनी तिला आत घेतलं.

"माझा मुलगा, तरुण, म्हणाला होता, बिलावर नंबर नाही. मी म्हटलं, राहू दे, पिशव्या छान शिवल्यात." त्या म्हणाल्या. "पण बाई, कापड महागलं तर तसं सांगायचं. मी काय खाणार होते तुला?"

"चुकलं माझं."

"चुकलं ते कराचं. भाव मागणं चूक नाही." त्यांनी सहाशे घेतले, मोजले नाहीत. "जुनं बिल फाड. नवं लिही, साधं बारा हजारांचं. आणि धाकटीच्या लग्नाला दोनशे लागतील. काय दर?"

दिपमालाने मान खाली घातली. मग वर बघून म्हणाली, "त्रेचाळीस."

"बेचाळीस देईन."

"त्रेचाळीस, बाई. अस्तराचं कापड वेगळं पडतं."

राजकुंवरबाई हसायला लागल्या. "बरं, त्रेचाळीस. आता तरी बस, चहा घे."

चहा फार गोड होता. तिने दुसरा कपही घेतला. बाहेर पडल्यावर रिक्षा न करता ती पायीच स्टेशनकडे निघाली. वाटेत एका कापडाच्या दुकानात शिरली आणि अस्तराचे भाव विचारत बराच वेळ उभी राहिली. गाडीला अजून दीड तास होता.