रुमाल टाकलेली खुर्ची

मित्रांनो, बसायचं असेल तर माणसानं बसावं. नसेल बसायचं तर दुसऱ्याला बसू द्यावं. आमच्या ऑफिसातला भरत तिसरंच करतो. सकाळी येतो, खिशातला चौकड्यांचा रुमाल काढतो, माझ्यावर टाकतो आणि जातो निघून. दिवसभर तो रुमाल माझ्या मांडीवर. खिडकीजवळची जागा, वर पंखा, समोर उजेड, आणि बसलंय कोण, तर हातभर फडकं. याच मांडीवर एके काळी तालेवार माणसं बसली. मग मला राग येणार नाही तर काय होईल?

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. जुन्नरच्या बाजारातल्या एका बोळात गेणभाऊ सुतारांचं दुकान होतं, तिथं माझा जन्म झाला. माझं लाकूड एका पडलेल्या घराच्या तुळईचं. म्हणजे जन्मले तेव्हाच मी चार उन्हाळे जास्त पाहिलेली होते. गेणभाऊंनी मला एक खिळा मारला नाही. सगळे सांधे लाकडात लाकूड घालून बसवले आणि बैठकीला वेत विणला. घेणारे आले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हिची पाठ सरळ ठेवलीया. बसणारा वाकला, तर दोष त्याचा." हे वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. माझ्यापाशी दुसरी शाळा नाही.

मला घेतलं एका दूध संस्थेनं. तिथल्या पहिल्या सेक्रेटरींची खुर्ची मी. माझ्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल असायचा. खंडेनवमीला मला झेंडूची माळ घालायचे, हळदकुंकू लावायचे. साळुबाई तेव्हा झाडलोटीला नवी लागली होती. ती रोज मला कोरड्या फडक्यानं पुसायची आणि सणावाराला तेलाचं बोट फिरवायची. आल्यागेल्यानं म्हणावं, खुर्ची असावी तर अशी.

मग चाकांच्या खुर्च्या आल्या. गरगर फिरणाऱ्या, काळ्या, गुबगुबीत. टॉवेल माझ्यावरून उठला आणि तिकडं गेला. वर्षभरात एकीचं चाक निखळलं. दुसरी तर अशी, की साहेब बोलता बोलता हळूहळू खाली जायचे आणि शेवटी टेबलावर नुसते त्यांचे डोळे दिसायचे. मला हसू आलं, पण मी ते पोटात ठेवलं. तोवर मला मागं सरकवलं होतं, कारकुनांच्या खोलीत. तिथं भरत माझ्यावर बसू लागला. शांत पोरगा. बसताना हातानं चाचपून बसायचा, उठताना मला फरफटत ओढायचा नाही. मला तो आवडत होता, हे कबूल करते.

मित्रांनो, खुर्चीला चालता येत नाही, म्हणून तिला दुसऱ्यांची चौकशी फार. ऑफिसात रोज काही ना काही खुपतं. ते कोण कसं सोसतं, हे बघण्यात माझा दिवस जातो. आमचे मॅनेजर कपिल साहेब. प्रिंटरमध्ये कागद अडकला की ते बाहेर पायरीवर जाऊन शिवनेरीकडं बघत उभे राहतात. कुणीतरी कागद काढला की आत येतात. साळुबाईला लोकांनी कुठंही टाकलेले चहाचे कप गोळा करावे लागतात. ती भांडत नाही. ज्यानं कप जिथं ठेवला, तिथंच दुसऱ्या दिवशी त्याचा चहा नेऊन ठेवते, मग ती खिडकी असो की कपाटाचा माथा. नवी लागलेली प्रज्ञा कॉम्प्युटरवर बसते. तिची तऱ्हा सगळ्यात निराळी. जे खुपलं ते ती तिथल्या तिथं सांगून टाकते आणि पुढच्या कामाला लागते. पहिल्या आठवड्यात सगळे दचकले. आता कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आणि सावळारामभाऊ. त्यांना काहीच खुपत नाही, कारण दुसऱ्यांना खुपणारे तेच. माझ्या शेजारचं टेबल त्यांचं. फोन कायम मोठ्यानं चालू. सकाळी टोमॅटोचे बाजारभाव, दुपारी नातवाची गाणी, अधूनमधून कुणाचं तरी भाषण. खाली पाय असा हलत असतो की दोन्ही टेबलं थरथरतात. पण माणूस मनाचा वाईट नाही बरं. भरत नवा होता तेव्हा दुधाची बिलं कशी काढायची, लिटर कुठं, फॅट कुठं, सगळं त्यांनीच शिकवलं. रोज आपल्या चहातला अर्धा चहा भरतच्या कपात ओततात.

याच बिलांपाशी एकदा गडबड झाली. इकडं भरत आकडे मांडतोय, तिकडं फोन बाजारभाव सांगतोय. एका शेतकऱ्याच्या म्हशीच्या दुधाला टोमॅटोच्या क्रेटचा भाव लागला. लगेच दिसलं म्हणून बरं, नाहीतर ती म्हैस मालकाला बंगला बांधून देती. भरतनं खोडून नीट लिहिलं. सावळारामभाऊंकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्यानंतरच कधीतरी तो रुमाल माझ्यावर आला.

आता रुमालाचं ऐका. भरत येतो घोडेगावाहून, रोज एसटीनं. स्टँडवर गाडी लागली की दाराशी झुंबड उडते. शहाणा माणूस खिडकीतून रुमाल टाकतो. ज्याचा रुमाल, त्याची जागा. मग तो निवांत मागून चढतो. दुसऱ्याच्या रुमालावर बसणारा माणूस आमच्या मुलखात सापडायचा नाही. भांडकुदळसुद्धा आधी विचारतो, "रुमाल कुणाचा?" आमच्या ऑफिसातली बाकीची माणसंही एसटीतूनच वाढलेली. त्यामुळं माझ्यावरचा रुमाल कुणी उचलला नाही. कुरकुर केली, पण हात लावला नाही.

फक्त भरत जातो कुठं, याचा पत्ता लागेना. मी नाना तर्क केले. संध्याकाळी परत यायचा तेव्हा त्याच्या अंगाला कोंदट वास असायचा, पाठीवर पांढरी धूळ. हॉटेलात बसला असता तर भज्यांचा वास आला असता. साळुबाई म्हणायची, तो रोज ओझरच्या गणपतीला जात असणार, काही नवस बोलला असेल. कुणी म्हणे, जमिनीच्या दलालीला लागलाय. सगळ्यात जास्त बोलायचे सावळारामभाऊ. "रुमालाला पगार चालू करा राव," म्हणायचे, "त्यो तरी येळेवर येतो."

कपिल साहेब स्वतःच्या गाडीतून येणारे. त्यांना रुमालातलं काय कळावं? त्यांना फक्त रिकामी खुर्ची दिसली. बिलं वेळेवर होत होती, पण त्यांना वाटलं, बाकीचेच त्याचं काम ओढून नेत असतील. घाटघरकडच्या दूध केंद्राला माणूस हवाच होता. साहेबांनी ठरवलं, भरतला तिकडं धाडायचं. सोमवारच्या मीटिंगला त्याचं नाव मांडायचं. ही बातमी भिंतीलाही कळली, भरतला सोडून. त्याचं घर मी त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून ओळखत होते. बायको मंचरला दवाखान्यात नोकरीला, कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. लहानगी श्रेया संध्याकाळी बापाच्याच भरवशावर. घाटघरला गेला तर रोजची ये-जा जमायची नाही, तिकडंच राहावं लागणार. पोरीचं जेवणखाण, अभ्यास, सगळं शेजाऱ्यांच्या गळ्यात.

त्याच दिवशी साहेबांची नजर माझ्यावर गेली. "ही खुर्ची उचला आणि मागच्या खोलीत टाका," ते म्हणाले. "मग बघू रुमाल कुठं बसतो." साळुबाईनं रुमालाची घडी करून टेबलावर ठेवली. माझा एक हात तिनं धरला, दुसरा प्रज्ञानं, आणि वरात निघाली. एवढ्या वर्षांची सेवा आणि शेवटी पेंडीच्या पोत्यांशेजारी. अंगण ओलांडलं. ती खोली जुन्या दगडी बांधकामाची. जुन्या फायली, रिकामी क्रेट, उंदीर. ऑडिट आलं तरच तिकडं कुणी फिरकायचं. दार नुसतं लोटलेलं होतं. साळुबाईनं ते पायानं ढकललं.

आत भरत बसला होता. पेंडीच्या पोत्यावर. पुढं उपडं क्रेट, त्यावर बिलांचा गठ्ठा, डोक्यावर एक पिवळा बल्ब. केसात कोळ्याचं जाळं. हा जातो कुठं, हा जो घोर माझ्या जिवाला लागला होता, तो असा सुटला. दुसरा लगेच लागला, हा इथं बसतो कशाला?

"भरतदादा, तुम्ही रोज इथं बसता?" प्रज्ञानं विचारलं.

"हितं शांत असतं," तो म्हणाला. चोरी करताना सापडल्यासारखा उभा राहिला.

मग हळूहळू सगळं निघालं. तिकडं त्या फोनच्या आवाजात त्याचे आकडे चुकत होते. चुकीचं बिल गेलं तर शेतकऱ्याचं नुकसान. म्हणून तो काम घेऊन इकडं यायचा. प्रज्ञा म्हणाली, मग सावळारामभाऊंना सांगायचं ना. भरतनं मान हलवली. ते थोरले, त्यांनी काम शिकवलं, रोज चहा पाजतात. त्यांना वाईट वाटेल.

"आन रुमाल रं कशाला?" साळुबाईनं विचारलं.

"जागा सोडली असं वाटाया नको म्हनून. रुमाल हाय म्हंजे मानूस हाय, एवढं तर कुनालाबी कळतं."

"एष्टीत कळतं, बाबा," साळुबाई म्हणाली. "सायेब कवा बसलाय एष्टीत?"

प्रज्ञानं त्याला घाटघरचं सांगितलं. भरतचा चेहरा उतरला. तो माझ्यावर बसला. किती दिवसांनी बसला, आणि बसला तोही मान टाकून. मला वाटलं, आता तरी उठेल, साहेबांकडं जाईल. पण हा म्हणाला, "धाडलं तर जाईन. श्रेयाचं बघू काहीतरी. पण भाऊंचं नाव घिऊ नको, तुला शपथ हाय."

असा राग आला मला. पोरीला शेजाऱ्यांकडं टाकीन म्हणतो, पण शेजारच्या टेबलाला एक शब्द बोलणार नाही.

प्रज्ञानं शपथ पाळली, पण स्वस्थ बसली नाही. ती गेली आणि थोड्या वेळानं कपिल साहेबांना घेऊन आली. कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त म्हणाली असेल, एकदा मागच्या खोलीत चला. त्यांच्या मागोमाग गंमत बघायला सावळारामभाऊ आले. हातात फोन, फोनात बाजारभाव.

साहेबांनी तो गठ्ठा पाहिला. चार बिलं चाळली. कुणाचं अक्षर, ते ओळखलं. विचारलं, हे सगळं इथं बसून का? भरत म्हणाला, जुनं रेकॉर्ड लावत होतो. साहेब म्हणाले, रेकॉर्ड लावायला कुणी सांगितलं होतं? ऑफिसात बसायला काय झालं?

भरतनं मान खाली घालून उगाच पुढचं बिल लिहायला घेतलं. साळुबाईनं एक पोतं उगाच सरळ केलं. प्रज्ञा छताकडं बघतेय. त्या दगडी खोलीत एकटा फोन बोलत होता. गवार काय भाव, भेंडी काय भाव. आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येत होता. माझ्या पाठीला टेकलेली भरतची पाठ ताठ झाली, हातातलं पेन थांबलं. ते सावळारामभाऊंनी बघितलं. त्यांनी आधी पेनाकडं बघितलं, मग फोनाकडं. फोन बंद केला. पेन हळूच परत हललं.

"ह्याच्यापायी का रं?" त्यांनी विचारलं.

अजूनही हा 'न्हाई भाऊ' म्हणू शकत होता. म्हणणारच होता, मला त्याच्या पाठीतून कळलं. मी होती नव्हती तेवढी ताकद लावून सरळ उभी राहिले. वाकायला जागाच ठेवली नाही.

"व्हय भाऊ," भरत म्हणाला.

"मग सांगायचं की. एवढे दिस उंदरात बसलास. आता लोक मला काय म्हनतील?" एवढं बोलून भाऊ निघून गेले.

घाटघरचं नाव रद्द झालं. साहेबांनी स्वतः सांगितलं, उद्यापासून पुढं बसायचं, आणि काही अडलं तर मला सांगायचं. माझी वरात परत निघाली, या वेळी मला भरतनं उचललं. साळुबाईनं मला तेलाचं बोट लावलं, सण नसताना.

पण सगळं लगेच गोड झालं म्हणाल तर तसं नाही. सावळारामभाऊ रुसले. फोन बंद, तोंड बंद, चहासुद्धा एकटेच प्यायले. खोलीत एवढी शांतता की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. त्या शांततेतही भरतचं काम होईना. मला वाटलं, आता हा परत रुमाल काढतो.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका सकाळी भाऊंनी न बघता अर्धा चहा भरतच्या कपात ओतला. म्हणाले, "घे. गार हुईल." भरतनं घेतला. टेबल थरथरत होतं, चहा कपात हिंदकळत होता. भरतनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, पाय."

"कुठं? हां." पाय थांबला. रुसवा नाही, काही नाही. भाऊंनी कानात नवी वायर घातली आणि बाजारभाव ऐकू लागले. आता भेंडी महागली की ते एकटेच मोठ्यानं हळहळतात, पण तेवढं चालतं.

परत आल्यापासून भरत तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर नीट टेकून बसला. आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं मी मोठ्यानं बोलले. बाकीच्यांना करकर ऐकू आली असेल, मला त्याचं काय?

मी म्हणाले, "भरत, तू गुणी आहेस, पण ऐकून घे. तुला वाटलं, गप्प बसून तू भाऊंचा मान राखलास. काही मान राखला नाहीस. हा माणूस सांगितलं तर ऐकेल, एवढासुद्धा भरवसा तू त्याच्यावर ठेवला नाहीस, आणि मागल्या दारानं निघून गेलास. त्याच्या चहात तुझा वाटा होता, तर त्याच्या चुकीतही होता. यापुढं खुपलं की बोलायचं, नीट शब्दात, तोंडासमोर. आणि बोलायचं नसेल, तर माझ्यावर बसायचं नाही."