खालचा पट्टा

“हात वर करा, ताई,” दिनानाथ म्हणाला.

बाईने हात वर केले. त्याने लाइफ जॅकेटच्या पुढच्या तिन्ही क्लिपा लावल्या आणि पट्टे ओढून घट्ट केले. चौथा पट्टा मागून खाली लोंबत होता. तो मांड्यांमधून पुढे घेऊन पोटाशी अडकवायचा असतो. दिनानाथने त्याला हात लावला नाही.

“तो खालचा तेवढा तुम्ही लावून घ्या.”

“कुठला?” बाईने मागे वळून पाहिलं आणि हसू दाबलं. “अगंबाई, तो नको. साडीवर कसा लावणार?”

नागावच्या किनाऱ्यावर मे महिन्यातला शेवटचा रविवार होता. पावसाळ्यातली बोटींची बंदी जवळ आली की गिऱ्हाईक जास्तच येतं. समुद्रही याच दिवसांत उलटतो. वारा फिरतो, लाट आडवी यायला लागते. कोळ्यांनी होड्या वर ओढून घेतलेल्या असतात आणि सहलीच्या बोटी मात्र भरभरून सुटतात.

गेल्या वर्षी अशाच एका रविवारी दिनानाथच्या बायकोच्या, ठमीच्या माहेरच्या बायका तळा गावाहून आल्या होत्या. ठमी जन्मभर दिनानाथबरोबर याच वाळूत शहाळी विकत बसली, पण मजा म्हणून बोटीत कधी चढली नव्हती. “चल गं, आज तुझा नवरा फोडंल नारळ,” म्हणत त्यांनी तिला ओढून नेलं. लाट बाजूने आली, बायका घाबरून एका अंगाला सरकल्या आणि बोट कलंडली. बाकीच्या जणी बोटीला धरून राहिल्या. ठमीचं जॅकेट आधी सापडलं. तिन्ही क्लिपा लावलेल्या होत्या, आत ठमी नव्हती. ते तिच्या डोक्यावरून निघून गेलं होतं.

जॅकेट बांधणारी पोरं वाईट नव्हती. ठमीला काकी म्हणायची. बाईमाणसाला तिथला पट्टा लाव म्हणून सांगायचं नाही, हीच किनाऱ्यावरची रीत. काकीला तर कोण सांगणार?

तेव्हापासून शहाळी सोडून दिनानाथ केतनच्या बोटीपाशी जॅकेटं बांधायला उभा राहतो. केतन शेजारचाच. त्याने एकच अट घातली होती, त्या दिवसाचं गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही.

“दिनाकाका, आटपा,” केतन बोटीतून ओरडला. “भरती लागली.”

“वारा बघ कसा फिरलाय.”

“वारा रोजच फिरतो. दोन दिवसांचा धंदा ऱ्हायलाय.”

पनवेलकडच्या भिशीच्या बायका होत्या. त्यांना घेऊन आलेली पूनम अजून जॅकेट चढवत होती. दिनानाथ तिच्याजवळ गेला.

“ताई, तुम्ही सांगा त्यांना. माझं ऐकत न्हाईत.”

“काका, तुम्हीसुद्धा ना,” मागून एक जण म्हणाली. “या वयात बायकांच्या पट्ट्यांची काळजी.”

सगळ्या हसल्या. दिनानाथचे कान तापले.

“माझी बायको गेली,” तो पूनमला हळूच म्हणाला. “हितंच. गेल्या साली. तो पट्टा नव्हता म्हणून जॅकेट वर निघालं. साडीच होती अंगावर.”

पूनमचं हसू गेलं. मग तिने हात मागे नेला, पट्टा पकडला आणि साडी थोडी वर घेतली. सुरूच्या झाडांखाली बिअर पीत बसलेल्या टोळक्यातून कोणीतरी शीळ घातली. एकाने मोबाइल वर धरला. पूनमने पट्टा सोडून दिला.

“नाही हो जमत, काका,” ती म्हणाली. “चारचौघांत कसं करू? आम्ही मधे बसतो. घट्ट धरून बसतो.”

“आमच्या बंद ठेल्यामागं जाऊन लावा. मी फडकं धरतो.”

“राहू दे आता. त्या सगळ्या चालल्यासुद्धा.”

इंजिन सुरू झालं. बायका पाण्यात शिरल्या. साड्या भिजू नयेत म्हणून त्यांनी त्या गुडघ्यांच्या वर धरल्या होत्या आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. बोट पहिल्या लाटेवर चढली, आपटली, पुन्हा चढली. ओरडणं ऐकू आलं, ते भीतीचं की मजेचं, हे इथून कळत नव्हतं. त्या दिवशीही कळलं नव्हतं.

बोट परत आली. सगळ्या चिंब भिजल्या होत्या, हसत होत्या. पूनमने जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं.

“आलो ना, काका,” ती म्हणाली. पुढे काहीतरी बोलायचं तिच्या मनात होतं, पण मैत्रिणींनी हाक मारली.

“आज देवाची कृपा,” दिनानाथ म्हणाला.

केतन वाळूत उतरला. त्याने ऐकलं होतं सगळं, पण रागावला नाही. “काका, हे बाप्याच्या जातीनं सांगायचं कामच न्हाय. बाई पायजे हितं. दणकून सांगणारी.”

“व्हय,” दिनानाथ म्हणाला. “एक होती.”

केतन परत बोटीकडे वळला. पुढच्या फेरीच्या बायका रांगेत उभ्या होत्या. पहिली म्हातारी होती, नऊवारीतली. तिने न सांगताच दोन्ही हात वर केले. दिनानाथने जॅकेट चढवलं, तिन्ही क्लिपा लावल्या, पट्टे एकदा ओढले, पुन्हा एकदा ओढले. मग खालचा पट्टा तसाच लोंबता ठेवून तो बाजूला झाला.