घामोळं

दीपमालानं झबल्याची बाही पोराच्या मनगटापर्यंत ओढली आणि मगच दाराची कडी काढली. दारात आरोग्य केंद्राची आशाताई उभी होती. काखेत वही, कपाळावर घाम.

"वहिनी, ऋषिराजचं कार्ड बघू जरा. नवव्या महिन्याची गोवराची लस झालीय का, तेवढं बघायचंय."

दीपमाला तोंड उघडायच्या आत सासूनं, बनुबाईनं, आतनंच आवाज दिला.

"दिलीया की! तिकडं सेलमला दिलीया. कार्ड बी तिकडंच ऱ्हायलंय. किती येळा इचारशील गं बाई?"

बनुबाई खोटं बोलत नव्हती. सुनेनं सांगितलं तेच ती सांगत होती. आणि विट्याकडच्या गलाईवाल्यांच्या घरात असं सांगणं फार सोपं असतं. नवरा तिकडं परमुलखात दुकानात सोनं गाळतो, बायको सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. तिकडची नर्स दारात आली की 'गावाकडं दिली' म्हणायचं, इकडची आली की 'तिकडं दिली'. दोन्ही वह्यांत खूण पडते आणि पोराच्या दंडाला सुई कुठंच लागत नाही. दीपमालाचा नवरा विश्वजीत, त्यालाही वाटत होतं गावाकडं झालं असेल.

दीपमालाला कुणाची फसवणूक करायची हौस नव्हती. थोरल्या संयोगिताला दीड वर्षाचं इंजेक्शन दिलं, त्या संध्याकाळी ताप चढून आचके आले होते. पाचच मिनिटं, पण पोरीचे डोळे पांढरे झाले होते. ती पोरगी आता चार वर्षांची, अंगणात सगळ्यांना पुरून उरते. पण ती पाच मिनिटं दीपमालाच्या मनातून जात नव्हती. ऋषिराजच्या नवव्या महिन्यात तिनं ठरवूनच टाकलं, आता सुई नको. ह्याला माझं दूध पुरे.

"का विचारतीय ते तरी ऐका," आशाताई म्हणाली. "शेजारच्या आर्जवला गोवर निघालाय. काल श्वास लागला म्हणून सांगलीला नेलं. ऑक्सिजनवर ठेवलंय. सात महिन्यांचं लेकरू, त्याला लस द्यायचं वयसुद्धा झालं नव्हतं."

दीपमालानं चौकट धरली.

आर्जव म्हणजे भिंतीपलीकडच्या गुणमालाचा मुलगा. दोन आठवड्यांमागं गुणमाला शिक्षकभरतीच्या परीक्षेला सांगलीला गेली आणि पोराला इथं ठेवून गेली. पोरगं बाटली तोंडात धरेना, रडून रडून निळं झालं. तेव्हा बनुबाईच म्हणाली होती, "बगत काय बसलीयास? घे की पदराखाली!" आणि दीपमालानं घेतलं होतं. एका बाजूला ऋषिराज, दुसऱ्या बाजूला आर्जव. दोघं एकमेकांची बोटं ओढत पीत होते.

आशाताई पुढच्या घराकडं वळली. दीपमालानं दार लावलं.

"आत्याबाई, लस दिलेली न्हाई."

"काय?"

"ऋषिराजला. तिकडं बी न्हाई आणि हिकडं बी न्हाई. मी खोटं बोलले. आर्जव ह्याच्या शेजारी पीत होता ओ. आता ह्याला बी..."

बनुबाई तशीच उभी राहिली, पिठाचे हात घेऊन. ओरडेल, माहेर काढेल, असं दीपमालाला वाटलं. बनुबाईनं हात पदराला पुसले आणि चपला शोधायला लागली.

"घे त्याला. चल."

आरोग्य केंद्र दीड किलोमीटरवर. दीपमाला दर दहा पावलांवर पोराच्या कपाळाला हात लावत होती. कपाळ गार होतं, तरी तिला ते गरम लागत होतं. देवा, माझ्या चुकीचं ह्याला नको, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. दीपमालानं सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर रागावली नाही. तिनं पोराला टेबलावर घेतलं, झबलं काढलं, छाती तपासली. मग त्याला पालथं केलं आणि थांबली.

"हे डाग कसले?"

पाठीवर, मानेवर फिकट तपकिरी ठिपके होते. कानामागं कातडीचा कोंडा सुटला होता.

"घामोळं आलतं," दीपमाला म्हणाली. "सेलमवरनं येताना रेल्वेत लय उकडत होतं."

"ताप होता?"

"व्हता. चार दिवस."

"डोळे लाल? नाक गळत होतं? खोकला?"

दीपमालानं होकाराची मान हलवली.

"पुरळ आधी कुठं उठलं?"

"कानामागं." तिचा आवाज बारीक झाला. "मग तोंडावर. मग खाली."

कुणी विचारू नये म्हणून ऐन उकाड्यात ती पोराला लांब बाह्यांची झबली घालत होती. बनुबाईनं, गुणमालानं विचारलं तेव्हा घामोळं म्हणून पावडर लावून दाखवली होती. स्वतःचीही तीच समजूत घातली होती, डॉक्टरकडं न्यायची तिची छाती झाली नव्हती. नेलं असतं तर पहिला प्रश्न कार्डाचा आला असता.

"ताई, ह्याला गोवर होऊन गेलाय," डॉक्टर म्हणाली. "तुमच्याकडून मिळालेली ताकद थोडी शिल्लक असेल, म्हणून हलका गेला. छाती साफ आहे. लस मात्र तरीही द्यायचीच. आता भिऊ नका."

दीपमाला मटकन स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. बनुबाईनं पोराला उचलून छातीशी धरलं, त्याचे मटामटा मुके घेतले. "वाचलं गं माझं सोनं! वाचलं!" तिच्याही डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

डॉक्टरनं मात्र टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं.

"पुरळ कुठल्या दिवशी उठलं?"

"आलो त्येच्या दुसऱ्या दिवशी. सोमवारी."

"त्या आठवड्यात ह्याच्याजवळ कुणाचं लहान मूल आलं होतं का? नीट आठवून सांगा."

गुणमालाची परीक्षा त्याच आठवड्यात, बुधवारी होती. दीपमालाला आठवायची गरजच पडली नाही. तिनं सासूकडं बघितलं. बनुबाईचे मुके थांबले होते. ती फरशीकडं बघत होती.

तेवढ्यात दीपमालाच्या पिशवीतला फोन वाजला. गुणमालाचा होता. घ्यावा का न घ्यावा, असं करता करता तिनं घेतला.

"दीपा, ऐक गं." गुणमालाचा आवाज रडून बसला होता. "इथं नळीनं दूध देतायत. माझं आटलं गं, एक थेंब येईना. तू काढून देशील? ह्यांना गाडी घेऊन पाठवते. नर्सला विचारते, त्या म्हणतील तसं उकळून वगैरे देऊ. तुझ्या दुधात ताकद आहे बघ. दोघं एका मांडीवर होते, पण ऋषिराजला काही झालं नाही."

गुणमालाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. बनुबाईनं दीपमालाचं मनगट गच्च धरलं आणि मान हलवली. नको. दूध दे, पण हे नको. गुणमालाशी भिंतीला भिंत आहे, जन्मभर राहायचंय.

डॉक्टर पेन धरून वाट बघत होती. ऋषिराज आजीच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होता, गार, धडधाकट.

दीपमालानं मनगट सोडवून घेतलं.

"दूध देते वहिनी, लागंल तेवढं देते," ती म्हणाली. "पण आधी माझं ऐका. ऋषिराजला घामोळं नव्हतं."

पलीकडनं कुठलंसं यंत्र एका लयीत वाजत होतं, तेवढं ऐकू येत होतं. फोन चालूच होता.