वरवर विंचरलेला

आई गेल्यावर घर विकलं, भांडीकुंडी वाटली, आम्हा दोघी बहिणींत भांडण म्हणून झालं नाही. अडलं ते तिच्या कुत्र्यावर. कुरळ्या केसांचा, लांब कानांचा स्पॅनियल. आई त्याला ‘कारभारी’ म्हणायची, कारण त्याच्याशिवाय घरात पान हलत नसे. आम्ही त्याला आलटूनपालटून ठेवला, पण त्यालाच ते मानवेना. शेवटी धाकटीने तोडगा काढला: रविवारी संध्याकाळी मी येते, तो जिच्याकडे जाईल तिचा. मी हो म्हणाले. मला तो हवाच होता. माझ्या घरी माझी वाट बघायला दुसरं आहे कोण?

शनिवारी ती त्याला माझ्याकडे सोडून गेली. न्हाऊमाखू घालून, अगदी नवरदेव करून. मी त्याच्या कानामागे बोट घातलं आणि माझं डोकंच फिरलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! असले केस थर वेगळे करत कातडीपासून विंचरावे लागतात. आधी गुंता, मग पाणी. बाईसाहेबांनी वरवर ब्रश फिरवून गुंत्यासकट आंघोळ घातली होती. ओला गुंता आवळला, वाळला आणि त्याची पार घोंगडी झाली.

रविवारी सकाळी कान खाजवताना तो कळवळला. म्हणजे आत कातडी सोलवटली होती. मला काय अक्कल नव्हती? संध्याकाळपर्यंत बिस्किटं भरवायची, मांडीवर घ्यायचं, एकदा माझा झाला की मग कात्री काढायची. पण मेलं मला ते जमतच नाही. आईच्या आजारपणातही तेच. पाठीच्या जखमा मी धुवायच्या, कडू औषध मी पाजायचं, आणि धाकटीने फुलं घेऊन येऊन उशाशी गोड बोलायचं. राग येतो, अजूनही येतो.

वॉशिंग मशीनवर टॉवेल टाकून त्याला उभा केला. गुंता आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवायचा आणि त्याच्या वरून कातरायचं, म्हणजे कातडीला कात्री लागत नाही. काखेत, मांड्यांत, कानामागे. तो केकाटला, चावायला आला, मग नुसता थरथरत राहिला. मी त्याची समजूत काढत होते आणि रडतही होते. कानामागे लालभडक झालं होतं. मलम लावल्यावर तो पलंगाखाली शिरला आणि काही केल्या बाहेर येईना.

संध्याकाळी धाकटीचा आवाज ऐकून तो बाहेर आला. त्याला तसा भादरलेला बघून तिने तोंडावर हात ठेवला. मी कानामागचं दाखवलं, तर म्हणाली, मी एवढ्या हौसेने आंघोळ घातली होती. मग आम्ही खोलीच्या दोन टोकांना बसलो. दोघींनी हाक मारली. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, शेपूट पायांत घातली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसलं.

धाकटी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

“आई तुझ्याबद्दल म्हणायची ते खरं आहे गं ताई. करते सगळं तीच, पण तिचा हात लागला की नको वाटतं.”

आई मला असं कधीच म्हणाली नव्हती. मी पाठ धुवायला घेतली की ती भिंतीकडे तोंड करायची आणि एवढंच विचारायची, “झालं का?”