धुवायची राहिलेली टोपी

मित्रांनो, मी टोपी असले तरी मला घालून कोणी मिरवत नाही. मी कापडाची, आता बरीच विटलेली, आणि माझ्या अंगावर बटणाएवढ्या चौसष्ट चकत्या आहेत. माणसाच्या मेंदूत जी बारीकशी वीज खेळते ती या चकत्या टिपतात आणि पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र उमटतं. माझ्या जोडीला एक चुंबकाचं यंत्र असतं. ते डोक्याला बाहेरूनच लावून मेंदूला हलकी टिचकी मारतात. टिचकीनंतर मेंदू काय म्हणाला, ते ऐकायचं काम माझं.

हे काम माझ्याकडून सगळ्यात छान करून घेतलं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी. त्या पीएचडी झालेल्या, पण नोकरी मात्र वर्षावर्षाची. प्रत्येक प्रयोगानंतर "चल गं, आंघोळ!" म्हणत त्या मला कोमट पाण्यात धरायच्या आणि मऊ ब्रशने एकेक चकती धुवायच्या. वीज नीट पोचावी म्हणून चकत्यांखाली भरलेलं खारट मलम तसंच वाळलं की धातू खातं. सहा वर्षांत माझी एकही चकती मुकी झाली नाही.

यंदा ताईंची मुदत संपत आली. पुढच्या संशोधनासाठी त्यांनी अकरा ठिकाणी अर्ज केले आणि अकराही ठिकाणांहून नकार आला. बाराव्या ठिकाणाहून पत्र आलं. जागा दोन वर्षांची होती, फक्त सोमवारपर्यंत स्वतः केलेलं एक नवं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. ताई खुर्चीत बसल्या बसल्या नाचल्या.

आणि शुक्रवारी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांकडे पाहुणे आले. सरांनी मला एका पाहुण्याच्या डोक्यावर चढवलं, चार चित्रं दाखवली, वाहवा मिळवली आणि मला मलमासकट खुंटीला अडकवून चहाला गेले. दोन दिवस खोली बंद. साऱ्या जगाचे मेंदू ऐकणाऱ्या मला साधी एक हाक मारता येत नाही, याचा इतका संताप मला कधीच आला नव्हता.

सोमवारी ताईंनी आपल्या आईलाच खुर्चीत बसवलं.

"अगं, केसांचं काय वाटोळं करतेस!"

"हलू नकोस गं आई, नोकरीचा प्रश्न आहे."

पडद्यावर बासष्ट ठिपके हिरवे झाले. दोन लालच राहिले, नेमके जिथे टिचकी मारायची तिथले. ताईंनी घासलं, पुसलं, पुन्हा मलम भरलं, तरी लाल ते लालच.

सर डोकावले. "अरे हो, धुवायची राहिलीच! मग शेजारच्या चकत्यांवरून अंदाजे आकडे दे ना भरून. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय, सर."

दोन चकत्या बंद होत्या असं स्पष्ट लिहून ताईंनी रेकॉर्डिंग पाठवलं. आठ दिवसांत उत्तर आलं: रेकॉर्डिंग अपुरं आहे, शुभेच्छा.

शेवटच्या दिवशी आई सामानाचं खोकं उचलायला आल्या, तेव्हा ताई मला धूत होत्या. त्या दोन मुक्या चकत्यासुद्धा.

"आता कोणासाठी धुतेस गं?"

"उद्या कोणाला तरी लागेल ना ती."

मित्रांनो, वस्तू वापरून झाली की पाच मिनिटं तिला द्या. तुमच्यानंतर तिची वाट पाहणारं कोणीतरी असतं. हे मी समजुतीने नाही, चिडूनच सांगते आहे. कारण आज सरांकडे पुन्हा पाहुणे आले होते. मी पुन्हा खुंटीवर आहे आणि मलम वाळू लागलं आहे. कोणीतरी नळ सोडा हो!