जखमांचा रिकामा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे, भंगार चिरडणाऱ्या कारखान्याच्या संगणकातला. माझे रकाने तीन: कामगार, अवयव, जखम.

मला प्रोग्रामरबाईंनी घडवलं. यंत्राच्या जबड्यात दुरुस्तीला कोण उतरलंय, ते फोरमनच्या पडद्यावर दिसावं. नावापुढे जुनी जखमही दिसावी, म्हणजे ओढून काढताना कुठे धरू नये ते कळेल. म्हणून बाईंनी जबड्यात उतरणाऱ्यांच्या हजेरीचा तक्ता मला जोडला.

चाचणीसाठी माझ्यात प्रत्येक कामगाराच्या नावे खोट्या जखमा भरल्या.

वेल्डर | मुंडकं | उडालं
फोरमन | जीभ | छाटली

वेल्डर म्हणजे बाईंचा धाकटा दीर. तो मागे उभा.

"वहिनी, माझंच मुंडकं का? फोरमनचं उडवा की!"

"त्याला आहे कुठे, भावजी?"

चाचणी झकास झाली. सगळी नावं दिसली. उद्घाटनाच्या सकाळी साहेब म्हणाले, "नव्या कामाला जखमांचा डाग नको." बाईंनी मला पुसून काढलं.

शून्य ओळी. टाळ्या. तेवढंच माझं कौतुक.

दुपारी वेल्डर जबड्यात उतरला. हजेरी त्याचं नाव घेऊन माझ्याकडे आली. याची जखम? माझ्याकडे एकही नव्हती. आणि जोडणीचा नियम असा, की दोन्हीकडे सापडेल तोच दाखवायचा. धडधाकट माणूस यादीतून गळून पडला.

पडद्यावर:



"कोणी नाही आत," फोरमन म्हणाला. बटण दाबलं.

दात फिरले. बूट फाटला. घोटा काडकन मोडला, नडगी सोलत गेली. किंकाळी बाईंनी ओळखली.

"बंद करा! भावजी आहेत आत!"

लाल बटणावर त्यांनी दोन्ही मुठी आदळल्या. दात गुडघ्यापाशी थांबले. रक्त मात्र थांबेना.

संध्याकाळी माझ्यात पहिली खरी ओळ आली.

वेल्डर | डावा पाय | गुडघ्याखाली नाही

फोरमन चाचरत म्हणाला, "आता तक्ता रिकामा नाही. आता चालेल ना?"

"चालेल की!" बाई कडाडल्या. "ज्याचा पाय तुटला तेवढाच दिसेल. बाकीच्यांचेही तोडू?"

मग त्यांनी नियम बदलला. आधी हजेरीतलं प्रत्येक नाव येऊ द्या. माझ्याकडे जखम सापडली तर पुढे लिहा, नाहीतर तो रकाना कोरा सोडा.

मित्रांनो, तक्ते जोडाल तेव्हा एकदा मला पूर्ण रिकामा ठेवून बघा. माझ्याकडे काही नाही, याचा अर्थ आत कोणी नाही असा धरू नका. आत माणूस असतो, त्याला अजून काही झालेलं नसतं. त्याला तसाच बाहेर येऊ द्या.